नवरा-बायकोच्या वयात मोठं अंतर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत राहते. १९९८ साली माझं लग्न झालं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि हे चाळीस. धाकट्या बहिणींची लग्नं उरकेपर्यंत थांबलेले, साखर कारखान्यात नोकरीला. स्थळ मामानं आणलं होतं. मला पसंत पडलं, अजूनही पसंत आहे. पुढं मी कौटुंबिक समुपदेशनाचं काम करू लागले. तेव्हापासून मिरज, तासगाव, विटा, कराड अशा गावांतून माणसं येतात आणि दारातून आत यायच्या आधीच विचारतात, "मॅडम, तुमच्यातही एवढंच अंतर आहे ना?" ते पुन्हा पुन्हा जे विचारतात त्याची उत्तरं इथं लिहिली आहेत. कोणाची ओळख पटेल असं काही त्यात नाही.

किती वर्षांच्या अंतराला 'मोठं' म्हणायचं?

आपल्याकडं चार-सहा वर्षांचं अंतर कोणी मोजतही नाही. दहाच्या पुढं गेलं की बायका कुजबुजतात आणि पंधराच्या पुढं गेलं की तोंडावर बोलतात. माझं माप वेगळं आहे. नवरा साठीला पोचेल तेव्हा बायको किती वर्षांची असेल आणि धाकटं मूल कितवीत असेल, हे बोटांवर मोजा. तेव्हा मूल शाळा-कॉलेजात असणार असेल तर अंतर मोठं आहे.

कायद्यात अंतरावर काही बंधन आहे का?

नाही. मुलगी १८ पूर्ण आणि मुलगा २१ पूर्ण, एवढीच अट आहे. वरच्या वयाला मर्यादा नाही आणि फरकालाही नाही. पण मुलगी अठराच्या आत असेल तर तो अंतराचा प्रश्न राहत नाही, तो गुन्हा आहे. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ या क्रमांकावर कोणीही कळवू शकतं. 'आधार कार्डावर अठरा आहे' यावर भागवू नका, शाळेचा दाखला बघा.

याच संदर्भात लोक 'शारदा' काढतात. सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचं ते नाटक १८९९ साली रंगभूमीवर आलं. म्हाताऱ्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधायच्या चालीवर त्यांनी ते लिहिलं. बालविवाह रोखणाऱ्या १९२९ च्या शारदा कायद्याचं नाव या नाटकावरून पडलं असं आपल्याकडं पुष्कळांना वाटतं. ते पडलं ते विधेयक मांडणाऱ्या हरविलास शारदा यांच्यावरून. हे सांगायचं कारण, वयानं मोठ्या माणसाशी विचार करून लग्न केलेल्या सव्वीस-अठ्ठावीस वर्षांच्या शिकल्या-सवरल्या बाईला 'शारदा' म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. देवलांच्या शारदेला कोणी विचारलंच नव्हतं. हिनं स्वतः होकार दिलेला असतो.

स्थळ दाखवताना वय कमी सांगितलं होतं. आता कळलं. काय करता येईल?

हिंदू विवाह कायद्यात महत्त्वाच्या बाबीत फसवणूक झाली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतरही राजीखुशीनं एकत्र संसार केला असेल तर तो मार्ग बंद होतो. म्हणून 'बघू, दिवाळीनंतर बोलू' असं करू नका, आधी वकिलाला भेटा. बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

आमची दहा वर्षं छान गेली. मग अडचण येते तरी कधी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्या दहा वर्षांत वयानं मोठा नवरा सोयीचाच असतो. नोकरी पक्की, घर झालेलं, स्वभाव निवलेला. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी भाड्याच्या खोल्या बदलत होत्या तेव्हा आमच्या घराला स्लॅब पडला होता. चोवीस आणि चाळीस दोघंही तरुणच. चौतीस आणि पन्नास म्हटलं तरी चालून जातं. चव्वेचाळीस आणि साठ झालं की मात्र दोघं वेगवेगळ्या ऋतूत राहू लागतात. सोळा वर्षं आकड्यात सोळाच राहतात, पण रोजच्या जगण्यात त्यांचं वजन वाढत जातं.

ते सुरू होतं बारीकसारीक गोष्टींतून. संध्याकाळी गणपती मंदिरापासून आयर्विन पुलापर्यंत दोघं चालत जायचो. एक दिवस लक्षात आलं की मी पुढं जाऊन थांबते आणि हे मागून येतात. मग मीच पाय हळू टाकायला शिकले. मग यांनीच 'तू जाऊन ये' म्हणायला सुरुवात केली. त्या तीन शब्दांनी जेवढं वाईट वाटलं, तेवढं लोकांच्या टोमण्यांनी कधी वाटलं नाही. माझ्याकडं येणाऱ्या बायकाही हीच जागा दाखवतात: भांडण नाही, मारहाण नाही, पण 'तू जाऊन ये' वाढत चाललंय. लग्नकार्य, सहल, वारी, सिनेमा, सगळीकडं ती एकटी. आणि घरी बसलेल्या माणसालाही वाटत असतंच की आपण हिच्या आयुष्यात ओझं झालो.

उपाय म्हणून मी एकच गोष्ट सुचवते. रोजचं किंवा आठवड्याचं एक काम असं ठेवा, जे दोघांच्याही अंगाला झेपतं आणि ज्यात कोणाला थांबावं लागत नाही. आम्ही रविवारी सकाळी मंडईत जातो. हे रिक्षातून, मी चालत. पिशव्या यांच्याजवळ, भाव करायचा माझ्याकडं. घरी येऊन भाजी निवडतो दोघं.

लोक 'हे तुमचे वडील का?' म्हणून विचारतात. काय करावं?

मिरजेत एका दवाखान्यात यांचा एक्स-रे काढायला गेलो होतो. खिडकीतल्या मुलीनं माझ्याकडं बघून विचारलं, "वडिलांचं पूर्ण नाव?" हे खाली बघायला लागले. मी म्हटलं, "माझे मिस्टर आहेत, लिहून घ्या." तिनं सॉरी म्हटलं, विषय संपला. बाहेर आल्यावर आम्ही त्यावर काहीच बोललो नाही, आणि ती चूक झाली. यांनी त्यानंतर दोन वर्षं केस काळे केले, मला रंग आवडत नसूनही. घरी आल्यावर त्याच दिवशी बोला. लोकांचं तोंड धरता येत नाही, पण ते ऐकून आपल्या माणसाला काय वाटलं हे विचारता येतं.

मूल कधी होऊ द्यावं?

बायको तरुण आहे म्हणून घाई नाही, असं घरातले म्हणतात. वय बापाचंही मोजावं लागतं. पुरुषाला उशिरापर्यंत मूल होऊ शकतं हे खरं, पण चाळिशी-पंचेचाळिशीनंतर गर्भधारणेला वेळ लागतो आणि बाळातल्या काही दोषांचा धोका थोडा वाढतो. उपचारांची वेळ आली तर कायद्याची मर्यादाही आहे: २०२१ च्या कायद्यानुसार टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांसाठी स्त्रीचं वय ५० च्या आत आणि पुरुषाचं ५५ च्या आत असावं लागतं. बायको पस्तिशीची, पण नवरा चोपन्नचा असेल तर हातात वर्षही उरलेलं नसतं.

दत्तक घेण्यात तर दोघांच्या वयाची बेरीज बघतात. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर बेरीज ८५ च्या आत, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००. ती पस्तीस आणि तो बावन्न म्हणजे सत्त्याऐंशी. तान्हं बाळ मिळणार नाही, तीन वर्षांचं मिळू शकतं. एका जोडप्याला हे सांगितलं तेव्हा ती बाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. चार वर्षं आधी कोणीतरी सांगायला हवं होतं, एवढंच म्हणाली.

हे विचारायची लाज वाटते, पण शरीरसंबंधांचं काय?

लाज बाजूला ठेवून विचारलंत ते बरं केलंत. पन्नाशी-साठीत पुरुषाला मधुमेह, रक्तदाब असेल तर ताठरतेची अडचण येते. ते 'वय झालं' म्हणून सोडून देतात आणि दुसऱ्या खोलीत झोपायला जातात. चाळिशीतल्या बायकोला वाटतं, मी नकोशी झाले. आजारावर बोलायचं सोडून दोघंही मनातल्या मनात एकमेकांवर रुसतात. डॉक्टरांकडं जा, उपचार आहेत. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणू नका. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी ज्यांना दिलेली असते त्यांच्या जिवाला त्यानं धोका होतो. तिची पाळी जायची वेळ पंचेचाळीस ते पन्नासच्या आसपास येते, तेव्हा तिलाही त्रास असतो. तोही नवऱ्याला माहीत हवा.

नवरा निवृत्त झालाय, मी नोकरी करते. घरात रोज धुसफूस. कोणाचं चुकतंय?

बहुतेक वेळा कोणाचंच नाही. हे २०१८ साली निवृत्त झाले. मी चव्वेचाळीसची, कामाला नुकता जोर आलेला, मुलगा बारावीत. सकाळी नऊला मी चप्पल घालायचे आणि हे पेपर खाली ठेवून विचारायचे, "किती वाजता येशील?" प्रश्न साधा. पण रोज, त्याच जागेवरून, त्याच आवाजात. मला चौकशी झाल्यासारखं वाटायचं. यांना फक्त चहा किती वाजता ठेवायचा ते हवं होतं, हे मला आठ महिन्यांनी कळलं.

ज्या घरात नवरा आयुष्यभर कर्ता होता तिथं हे जास्त बोचतं. वयानं मोठा म्हणून सगळे निर्णय त्याचे, पैशांचे व्यवहार त्याचे, ती 'अहो' म्हणून विचारणार आणि तो सांगणार. आता पगार तिचा येतो, बँकेचं मोबाइलवर तिला जमतं, मुलंही तिलाच विचारतात. त्याची खुर्ची कोणी ओढलेली नसते, पण त्याला तसं वाटतं. अशा घरात मी नवऱ्याला वेगळं भेटते. त्याला 'घरकामात मदत करा' असं सांगत नाही. मदत म्हटलं की काम पुन्हा तिचंच ठरतं. त्याच्याकडं एक खातं पूर्ण सोपवायचं: दूध, गॅस, वीजबिल, मुलाच्या क्लासची फी. त्यात तिनं नाक खुपसायचं नाही. विट्याकडच्या गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातल्या एका घरात हे फार चांगलं जमलं. दुसऱ्या राज्यात तीस वर्षं दुकान चालवून आलेला माणूस होता, हिशेब त्याच्या रक्तात होता. घरात फक्त त्या हिशेबाला जागा नव्हती.

पैशांची तयारी काय असावी?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या खालच्या मजल्यावर पाणी शिरलं. यांचा गुडघा तेव्हा दुखायला लागला होता. मुलानं आणि मी सामान वर नेलं, पण कपाटाखालची कागदांची पत्र्याची पेटी राहून गेली. पाणी ओसरल्यावर एकेक कागद गच्चीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातला. त्यात १९८५ ची विम्याची पॉलिसी होती. शाई पसरली होती, पण वारस म्हणून लावलेलं नाव वाचता येत होतं: माझ्या सासूबाईंचं. त्या २००४ सालीच गेल्या होत्या. एकवीस वर्षांचा संसार, आणि यांच्या एकाही कागदावर माझं नाव नव्हतं. मुद्दाम कोणी केलेलं नव्हतं. उशिरा लग्न झालेल्या माणसाचे सगळे कागद लग्नाच्या आधीच तयार झालेले असतात, त्यामुळं असं होतं. तुमच्या घरातली पेटी आज उघडा.

आता गणित. आपल्या देशात बायका पुरुषांपेक्षा सरासरी दोन-तीन वर्षं जास्त जगतात. म्हणून ढोबळ हिशेब असा: वयातलं अंतर अधिक तीन, एवढी वर्षं बायकोला एकटीनं काढायची आहेत असं धरून चाला. माझ्या बाबतीत एकोणीस. ही वर्षं कशावर निघणार? कारखाना किंवा खासगी नोकरीतलं भविष्य निर्वाह निधीचं पेन्शन आधीच तुटपुंजं असतं, आणि पेन्शन सुरू झाल्यावर माणूस गेला तर बायकोला त्याच्या निम्मं मिळतं. सरकारी नोकरीत कुटुंब निवृत्तिवेतन बरं असतं, पण तेही काही वर्षांनी शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्क्यांवर येतं. म्हणून बायकोचं स्वतःचं उत्पन्न हा अशा संसारात हौसेचा भाग राहत नाही. लग्नानंतर 'आता कशाला नोकरी, हे कमावतायत की' असं म्हणणाऱ्या सासूला मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवते.

कागदांचं थोडक्यात. बँक खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' असं करून घ्या. नॉमिनी लावला म्हणजे मालकी मिळाली असं धरू नका. शेअर आणि ठेवींमध्ये नॉमिनी हा बहुधा पैसे ताब्यात घेणारा असतो, हक्क वारसांचा राहतो. म्हणून मृत्युपत्र हवंच, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी, आणि साक्षीदार असे निवडा ज्यांना त्यात काही मिळणार नाही. नवीन विमा घेताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेता येतो. मग ती रक्कम बायको-मुलांचीच राहते, नवऱ्याचे देणेकरी त्यावर हात ठेवू शकत नाहीत. आरोग्याचं म्हणाल तर सत्तरी ओलांडलेल्या नवऱ्याला आता आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण पंचावन्नची बायको त्या कार्डात बसत नाही. तिचा विमा वेगळा.

नवऱ्याला पहिल्या लग्नाची मुलं आहेत. ती माझ्याच वयाची आहेत.

चाळिशीतल्या बाईला तिशीतला मुलगा 'आई' म्हणत नाही, आणि म्हणावं असा हट्टही धरू नये. नावानं हाक मारू द्या, 'काकी' चालेल, 'अहो' चालेल. जे कराल ते नवऱ्याच्या माघारी बदलणार नाही असं करा.

वाद होतो तो घर आणि शेतीवरून. मृत्युपत्र नसेल तर त्याच्या स्वकमाईत बायको, पहिल्या लग्नाची मुलं, दुसऱ्या लग्नाची मुलं आणि हयात असेल तर त्याची आई, सगळे सारखे वाटेकरी. सात-बाऱ्यावर सगळ्यांची नावं लागतात. मग 'हिनं माळ घातली ती जमिनीसाठी' हे वाक्य तलाठ्याच्या दारात ऐकू येतं. बाप जिवंत असताना त्यानं स्वतः सगळ्यांना समोर बसवून वाटणी सांगावी. आजारी पडल्यावर केलेल्या कागदावर कोणी विश्वास ठेवत नाही.

सेवा मीच करायची का? मी अजून पन्नाशीचीही नाही.

एकटीनं नाही. नवऱ्याचं करणं आणि नवऱ्यासाठी संपून जाणं, यात फरक आहे. पक्षाघात झालेल्या माणसाला दिवसातून सहा-सात वेळा कुशीवर वळवावं लागतं. पन्नास किलोची बाई ऐंशी किलोच्या माणसाला वळवते आणि दोन वर्षांत तिची पाठ जाते. मुलांना, दिरांना, नणंदांना वार वाटून द्या. 'रविवारी दुपारी दोन ते सहा तुम्ही' असं ठरवून मागा. मोघम मदत मागितली की मोघमच मिळते. आणि राग आला, क्षणभर 'सुटका व्हावी' असं मनात आलं, तर तुम्ही वाईट बाई नाही. माझ्यासमोर बसून हे बोललेल्या बायका सगळ्या मनापासून करणाऱ्याच होत्या.

बायको मोठी असेल तर?

आता अशीही जोडपी येतात, बायको आठ-दहा वर्षांनी मोठी. पैशांचं आणि सेवेचं गणित बऱ्याचदा सोपं होतं, पण मुलाची घाई आणि सासरचे टोमणे दोन्ही तिच्या वाट्याला येतात. नवऱ्यानं आपल्या आईसमोर एकदा स्पष्ट बोलायचं असतं. तेवढं झालं की निम्मं काम होतं.

आमच्या भागात पोरांना मुलीच मिळत नाहीत. मुलगा अडतीसचा, एजंटानं बावीसची मुलगी आणलीय. करावं का?

जत, आटपाडी, खटाव, माण या पट्ट्यातून हा प्रश्न फार येतो. त्या आईबापांचं दुःख मला समजतं. पण एजंट पैसे घेत असेल, मुलगी परराज्यातली असेल, तिच्याशी एकटीशी बोलू देत नसतील तर थांबा. तिची भाषा येणाऱ्या बाईला घेऊन तिच्याशी बोला. तिला माहीत आहे का की नवरा अडतीसचा आहे? घरी फोन करायला फोन आहे का तिच्याकडं? तिनं खुशीनं 'हो' म्हटलं नसेल तर ते लग्न नाही, खरेदी आहे, आणि त्यात तुमचाही मुलगा अडकेल.

नवरा गेल्यावर धाकट्या वयाच्या विधवेचं काय?

शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्यामागून राज्य सरकारनं तसं परिपत्रक काढलं. तरी कुंकू पुसायला येणाऱ्या बायका अजून येतात. नवऱ्यानं जिवंतपणीच मुलांना आणि भावाबहिणींना सांगून ठेवावं की माझ्यामागं हिचं मंगळसूत्र, टिकली, बांगड्या यांना कोणी हात लावायचा नाही. यांनी आमच्या मुलाला सांगितलंय. मी स्वयंपाकघरात होते, दाराआडून ऐकलं. आणि पुन्हा लग्न करावंसं वाटलं तर तोही तिचाच प्रश्न आहे, चव्वेचाळीस हे काही संपायचं वय नाही.

समुपदेशनाला एकटी आले तर चालेल का, की नवऱ्याला आणावंच लागेल?

पहिल्या वेळी एकटं या, नवरा असो वा बायको. दुसऱ्या वेळी दोघं. वयानं मोठा नवरा बहुधा 'मला कोण शिकवणार' म्हणून येत नाही. त्याला 'समुपदेशनाला चला' म्हणू नका, 'मला तुमच्याशी बोलायचंय आणि मला एकटीला जमत नाही' म्हणा. येताना पासबुकं, पॉलिसी, पेन्शनचे कागद आणि दोघांची औषधांची यादी पिशवीत घाला. घरात मारहाण होत असेल तर थांबू नका, १८१ वर फोन करा. मन फार खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ आहे, आणि नवऱ्याच्या वतीनं ज्येष्ठांसाठीची मदत हवी असेल तर १४५६७. तिन्ही ठिकाणी मराठीत बोलता येतं.